खानाच्या फौजेतले छप्पन्न दिवस

१ सप्टेंबर, रविवार
आजपासून रोजनिशी. आधी तीनदा सुरू केली होती, पण तेव्हा लिहिण्यासारखं आयुष्य नव्हतं. कालपासून आहे.

काल स्वातंत्र्यदिन. आमच्या कोचकोर गावच्या सांस्कृतिक भवनात मी ध्वनी व प्रकाश विभागाचा प्रमुख (विभागात मी एकटाच, पण प्रमुख तो प्रमुख). कार्यक्रमाला नारिनहून उलानबेकची मंडळी आली होती. बारा माणसं, भाले, चिलखतं, चारशे वर्षांपूर्वीचे कपडे. जुन्या लढाया जशाच्या तशा करून दाखवतात. मी बघत राहिलो आणि हातातला माईक स्पीकरसमोर गेला. तो असा किंचाळला की दोन घोडे उधळले. लोकांना तो लढाईचाच भाग वाटला.

नंतर उलानबेकशी बोललो. आठवडाभर तो लोकांच्या घरांना प्लास्टिकच्या खिडक्या बसवतो, रविवारी सेनापती असतो. वयाने माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान. म्हणाला, "बाइके, तुमचे खांदे बघा. हे खांदे खुर्चीत बसायला दिलेले नाहीत." बाइके म्हणजे दादा, तसं कोणीही कोणालाही म्हणतं, पण त्याने मनापासून म्हटलं.

अठ्ठेचाळीस वर्षं हे माझ्या लक्षात कसं आलं नाही?

माझी बायको साल्किन कार्यक्रमाला आली नव्हती. उजव्या बरगडीखाली दुखतंय म्हणाली. जर्दाळूचा मुरंबा जास्त खाल्ला असणार. मी तसं सांगितलं. तिने या वर्षी मुरंबा केलाच नाही म्हणे.

८ सप्टेंबर, रविवार
फौजेत भरती झालो. २६ ऑक्टोबरला बालिकचीजवळच्या माळावर मोठा उत्सव आहे, चार जिल्ह्यांच्या फौजा येणार. नियम कडक: अंगावरची प्रत्येक वस्तू स्वतःच्या हाताने केलेली हवी. मशीनची शिलाई दिसली की बाहेर.

मी नमद्याचा झगा करणार. लोकर पिंजायची, चटईवर पसरायची, उकळतं पाणी शिंपडायचं, गुंडाळून लोळवायची, की झाला नमदा. गुडघ्यापर्यंत पांढराशुभ्र, पाऊस-वारा-बाण काहीही आत जात नाही. सेनापतीसुद्धा विकतचा वापरतो.

हे बायकांचं काम असं लोक म्हणतात. इतिहास तसं कुठे म्हणत नाही. शिवाय साल्किनच्या हातचे नमद्याचे गालिचे, आमचे शिरडाक, परदेशी पाहुणे नेतात. बावीस वर्षं मी त्या गालिच्यांवर बसलो, जेवलो, झोपलो. एवढ्या काळात माणसात ज्ञान मुरतंच. तिला काही विचारायची गरज नाही.

ती आज हंडा उचलताना थांबली आणि मला हाक मारली. बावीस वर्षांत पहिल्यांदा. मी उचलला. खरंच माझे खांदे चांगले आहेत.

१३ सप्टेंबर, शुक्रवार, सकाळ
टकळीवर सूत कातायला शिकलो. तीन वाव सूत निघालं. काही ठिकाणी बोटाएवढं जाड, काही ठिकाणी नाही.

अंगणात कातत बसलो होतो तर कुंपणावरून तुर्सून एजे बघत उभी. शेजारीण, साठीची, विधवा, सगळ्या गावाची एजे म्हणजे ताई; गावात कोणाच्याही घरात न विचारता शिरायचा तिला हक्क आहे असं तिचं मत. म्हणाली, "एसेनकुल, माझा घागराही आणून देऊ का?" मी म्हटलं, एजे, हे संशोधन आहे. म्हणाली, "संशोधनच करायचंय तर बायकोकडे बघ. गाईची धार मी काढतेय दहा दिवस झाले. तुला माहीत आहे का?"

माहीत नव्हतं. मला वाटलं गाय आटली.

साल्किनला विचारलं. म्हणाली वाकवत नाही. मी तिला कमरेच्या व्यायामाचा एक व्हिडिओ दाखवला. तिने शेवटपर्यंत पाहिला.

१९ सप्टेंबर, गुरुवार
तुर्सून एजेने कटकट करून साल्किनला दवाखान्यात नेलं. मलाही जावं लागलं. डॉक्टर पोरगेलासा, ओश भागातला. इकडची हवा त्याला काय कळणार. पोट दाबलं, विचारलं, घरी कुत्रा आहे का, मेंढ्या आहेत का. म्हटलं, कोचकोरमध्ये कोणाकडे नाहीत? तो म्हणाला, "यकृतावर पाण्याची गाठ असावी. कुत्र्या-मेंढ्यांपासून होते. मोठी लागतेय. राजधानीत, बिश्केकला न्या, फोटो काढा. वेळेत काढली तर साधं काम आहे. आत फुटली तर मात्र मी काहीच सांगू शकत नाही. या आठवड्यात न्या."

मी विचारलं, या आठवड्यात म्हणजे रविवारपर्यंत की कामाचे सात दिवस? त्याने साल्किनकडे वळून तेच पुन्हा सांगितलं.

"असावी" म्हणाला. "आहे" म्हणाला नाही. शास्त्रात याला फार महत्त्व आहे.

येताना साल्किन म्हणाली की जिपारचा शिरडाक अर्धा राहिलाय, तो संपला की जाऊ. जिपार आमची लेक, बिश्केकला नर्सिंग शिकते, वसंतात लग्न. मी लगेच हो म्हटलं. माझीही लोकर पिंजायची राहिली होती. नवरा-बायकोचं असं एकमत क्वचित होतं. जिपारला काही कळवायचं नाही, परीक्षा आहे, असंही ठरलं.

२८ सप्टेंबर, शनिवार
नमदा झाला. खाली सविस्तर.

लोकर कमी पडत होती. साल्किनच्या मोठ्या पेटीत तळाशी पांढरी, धुतलेली, मऊ लोकर सापडली. घेतली. पिंजली, चटईवर पसरली, उकळतं पाणी घातलं, चटई गुंडाळून बांधली. गुंडाळी पूर्वी गाढवामागे बांधून तासभर ओढत. गाढव मिळालं नाही. माझी झिगुली गाडी आहे, स्वभाव तोच. दोर बांधला आणि निघालो. वळणावर दोर सुटला असावा, कारण पुलाशी पोचलो तेव्हा मागे गुंडाळी नव्हती. ती पाटाच्या पाण्यात सापडली, तुर्सून एजेची बदकं तिच्यावर बसलेली.

घरी आणून उलगडली. नमदा काही ठिकाणी फार छान. काही ठिकाणी पलीकडचं दिसतं. वायुवीजन म्हणून हे वाईट नाही.

साल्किन दारात येऊन बघू लागली आणि हसली. पुष्कळ दिवसांनी अशी हसली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग एकदम कुशीवर हात दाबून उंबऱ्यावर बसली आणि हसणं थांबलं. चेहरा पांढरा फटक. घाम. मी म्हटलं, बघ, हसण्याने कसा व्यायाम होतो. तिने विचारलं, "लोकर कुठली घेतली?" मी सांगितलं. ती म्हणाली, "ती जिपारच्या लग्नाच्या नमद्याची होती. सहा वर्षं कोकरांची वेगळी काढून ठेवलेली."

मला कसं कळणार? पेटीवर लिहिलेलं नव्हतं.

रागावली नाही. रागावली असती तर बरं वाटलं असतं.

६ ऑक्टोबर, रविवार
साल्किनने आज अख्खी पेटी बाहेर काढली. चांगली गोष्ट, हिवाळ्यापूर्वीची साफसफाई. रुमाल वेगळे, शाली वेगळ्या, आणि पाच नवी कापडं, प्रत्येकी एका पोशाखाची, घड्या घालून पाच जागी. प्रत्येकीवर कागद, कागदावर नाव. वरचं नाव तुर्सून. मी ओळखलं की उत्सवाच्या दिवशी आमच्या फौजेला जेवण करून घालणाऱ्या बायकांसाठी भेट असणार. तिला माझ्या कामाचं महत्त्व पटत चाललंय. भरून आलं.

बाहेर तुर्सून एजेला हे सांगितलं. ती घमेलं खाली ठेवून म्हणाली, "अरे गाढवा. ती कापडं तिला अखेरची आंघोळ घालणाऱ्या बायकांसाठी आहेत. कोणाचा हात लागावा ते स्वतः ठरवून ठेवतेय. माझं नाव पहिलं लिहिलंय तिने. मला रात्रंदिवस दुसरं काही सुचत नाही, आणि तू बाणांच्या गोष्टी करतोस?"

बायका फार अशुभ बोलतात. आजारी माणसाच्या घराबाहेर उभं राहून असं बोलावं? मी तिला दोन शब्द सुनावणार होतो, पण ती रडत होती.

निश्चय: सोमवार, २८ ऑक्टोबर, उत्सव संपला की पहिलं काम बिश्केक. कॅलेंडरवर लाल गोल केला. आता तारीख ठरली म्हणजे अर्धं काम झालंच.

साल्किनने एप्रनचे बंद कमरेभोवती दोनदा फिरवून बांधले होते. पूर्वी एकदाच पुरत. बारीक झाल्यामुळे ती लग्नातल्यासारखी दिसते. तसं म्हणालो. "हो का," म्हणाली.

१२ ऑक्टोबर, शनिवार
सकाळी उठलो तर झग्याची भोकं नाहीत. आतून बारीक टाके घालून, लोकर भरून, साल्किनने दोन दिवसांत सगळी बुजवली आहेत. काठाला तपकिरी शिंगांची नक्षी. मी विचारलं, जिपारचा शिरडाक? म्हणाली, तो होईल न होईल, हा तरी पुरा होऊ दे.

घालून पाहिला. आरशात एक योद्धा उभा होता.

एक अडचण: नियमाप्रमाणे सगळं स्वतःच्या हातचं हवं. पण नवरा-बायको एकच, असं मौलवीसुद्धा म्हणतो. उलानबेकला सांगायचं नाही.

तिच्या डोळ्यांत पिवळटपणा दिसतो. आम्ही आठवडाभर भोपळा खातोय. नानचा एक तुकडा मोडते, त्यातला अर्धा परत ठेवते. तरी भोपळाच.

१६ ऑक्टोबर, बुधवार
उलानबेकचा फोन. म्हणाला, जो फौजेसाठी युर्त आणील, त्याला खानाच्या अंगरक्षकांचा नायक करू. आणि नायकाचा फोटो पोस्टरवर.

युर्त म्हणजे नमद्याचं गोल घर. आपल्या लोकांत अजून कुरणावर जाणाऱ्यांकडे असतं. साल्किनचा भाऊ तालाय गेल्या महिन्यात मेंढ्या घेऊन कुरणावरून उतरला, त्याचं युर्त सुटं करून कोठारात ठेवलंय. तालाय दोन दिवस नारिनला गेलाय. कोठाराची किल्ली कुठे असते ते मला माहीत आहे. विचारायचं राहिलं, पण मेव्हण्याला काय विचारायचं.

१९ ऑक्टोबर, शनिवार, संध्याकाळ
आजच्या दिवसाविषयी शांतपणे लिहायला हवं.

सकाळी युर्त अंगणात उभारलं. तालीम, दुसरं काही नाही. परसात चिखल, म्हणून घराला लागून उभारलं. साल्किन खिडकीत होती. तिने विचारलं, "इथेच?" मी म्हटलं, मग कुठे. तिने विचारलं, "लोक काय समजतील?" मी म्हटलं, लोकांना इतिहासाची आवड लागेल. ती बघत राहिली. मग तिने पडदा ओढला.

आता मला सगळं दिसतं. तेव्हा मी फोटोच्या विचारात होतो. झगा घातला, कमरेला पट्टा आवळला, युर्ताच्या दाराबाहेर भाल्यावर दोन्ही हात टेकवून उभा राहिलो आणि सांस्कृतिक भवनातल्या पहारेकऱ्याला फोन देऊन फोटो काढायला लावला. रस्त्यावरून दोघे-तिघे गेले. माझ्याकडे बघून थांबले, टोप्या काढल्या, घाईने निघून गेले. मला वाटलं, आदर.

अर्ध्या तासाने कोपऱ्यावर तालाय दिसला. मागे पाच-सहा पुरुष. तालाय दोन्ही हात कमरेवर ठेवून, वाकून धावत येत होता आणि मोठमोठ्याने रडत होता: "बहिणी गं, माझ्या सोन्या गं, तुला न भेटता कशी गेलीस गं." मी थक्क झालो. तालाय या छंदाला नावं ठेवायचा, आणि आज जुन्या काळची मयतीची रीत इतकी हुबेहूब करून दाखवतोय. मला राहवलं नाही. भाल्यावर डोकं टेकवून मीही गळा काढला. चांगला काढला. आवाजाचं शिक्षण आहे मला.

त्याने मला मिठी मारली. सगळ्यांनी मारली. तालायचं तोंड माझ्या मानेवर, पूर्ण ओलं. तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की हे जरा जास्त होतंय. तो म्हणाला, "कधी गेली?"
मी विचारलं, "कोण?"

आपल्याकडे घराला लागून युर्त केव्हा उभारतात, आणि पुरुष पट्टा बांधून, काठीवर रेलून दाराबाहेर केव्हा उभे राहतात, हे शाळेतल्या पोरालाही माहीत आहे: घरात मयत झाली की. मला माहीत आहे. माझ्या बापाच्या वेळी मी असाच उभा होतो. आज ते माझ्या डोक्यात कसं आलं नाही? तालाय नारिनहून परतला, कोठार रिकामं दिसलं, शेजाऱ्याने सांगितलं की युर्त एसेनकुलने नेलं. त्यावरून तो जे समजला ते कोणीही समजला असता.

मी काही बोलायच्या आत खिडकी उघडली. साल्किन म्हणाली, "तालाय, चहा ठेवलाय. आत ये. बूट काढून ये."

तालाय जमिनीवर बसला. कोणी हसलं नाही. सगळे माझ्याकडे बघत होते. तालायचा चुलतभाऊ मयतीसाठी मेंढा घेऊन आला होता. आणलेला मेंढा परत नेणं बरं नाही म्हणून कुंपणाला बांधून गेला. मेंढा आत्ता ओरडतोय.

सगळे गेल्यावर साल्किन म्हणाली, "लहानपणी नदी ओलांडताना मी त्याला पाठीवर घेतलं होतं, ते तो रडताना बोलला. ऐकलंत? चाळीस वर्षांत मला कधी बोलला नाही." तिला बरं वाटलेलं दिसलं. मी म्हटलं, लगेच युर्त उतरवतो. ती म्हणाली, "राहू द्या. दोनदा कशाला उभारायचं."

ती थट्टा करत होती. तिचा स्वभाव थट्टेखोर आहे.

२० ऑक्टोबर, रविवार
गडबडीत एक गोष्ट सगळे विसरलो. तालायने आमच्याकडे यायला निघण्यापूर्वी जिपारला फोन केला होता. खरं काय ते तिला कोणीच कळवलं नाही. वाटेत तिचाही फोन बंद पडला होता. बिश्केकहून भाड्याच्या गाडीत चार तास ती आई गेली असं समजून बसली होती. काल अंधार पडता पडता पोचली. युर्त पाहिलं आणि फाटकापासूनच आक्रोश करत आत शिरली. युर्तात कोणी नाही. घरात आली तर आई चुलीपाशी.

ओरडली नाही. आईच्या पायाशी बसली आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. मी समजावत होतो की हा गैरसमज कसा झाला. दोघींपैकी कोणी ऐकत नव्हतं.

आज सकाळी जिपारने उजेडात आईचे डोळे पाहिले. पापणी खाली ओढून पाहिली, पोट चाचपलं. तीन वर्षं नर्सिंग शिकलीय, म्हणून लगेच डॉक्टर झाल्यासारखं. मला बाहेर बोलावून म्हणाली, "बाबा, किती दिवस?" मी म्हटलं, थोडे दिवस. म्हणाली, "उद्या न्यायचं." मी कॅलेंडरवरचा लाल गोल दाखवला. तिने तो पाहिला. बाहेर जाऊन मेंढ्यापाशी उभी राहिली.

२२ ऑक्टोबर, मंगळवार
वाद. जिपार म्हणते सोमवारपर्यंत थांबायचं नाही. मोठ्या इस्पितळात तिच्या ओळखीच्या बाई आहेत, त्यांनी शुक्रवारी तपासायचं कबूल केलं आहे. शुक्रवारी आमची रंगीत तालीम. गाडी एकच, ती मला युर्त न्यायला लागणार. मी म्हटलं, सोमवार म्हणजे फक्त तीन दिवसांचा फरक. एवढे दिवस थांबलो, तीन दिवसांनी काय होणार?

साल्किनला विचारलं. मला वाटलं ती माझी बाजू घेईल, आणि घेतली. जिपारला म्हणाली, "जाऊ दे त्यांना. तिकडे लक्ष ठेवून इथे बसले तर दोन्हीकडचे जातील. सोमवारी जाऊ." मग मला म्हणाली, "पण सोमवारी नक्की. मला आता भीती वाटते हो."

तिने असं कधी म्हटलेलं नाही. मी म्हटलं, मी आहे ना.

जिपार मला बाबा म्हणेनाशी झालीय. काहीच म्हणत नाही.

२६ ऑक्टोबर, शनिवार, संध्याकाळ सहा, गाडीत
उत्सव संपला. थोडक्यात.

पहाटे युर्त लादून निघालो. साल्किन दारापर्यंत आली होती. झग्याची कॉलर नीट केली. हात गार होते. म्हणाली, "भिजू नका. भिजला की फार जड होतो."

माळावर चारशे माणसं. अंगरक्षकांच्या नायकाची जागा दुसऱ्याला दिलेली, त्याने दोन युर्तं आणली. मला उलानबेक म्हणाला, "बाइके, तुमच्यासाठी खास काम. पहिल्या हल्ल्यात पडणारा वीर." पडायचं आणि लढाई संपेपर्यंत हलायचं नाही. मेलेला माणूस नीट मेला नाही तर लढाईला अर्थ राहत नाही, हे मला पटलं.

त्या काळी फोन नव्हते. म्हणून सगळ्यांचे फोन एका पोत्यात गोळा केले. पोतं सेनापतीच्या गाडीत.

साडेअकराला पडलो. बाराला बर्फमिश्रित पाऊस लागला. झगा पाणी प्यायला लागला. दोन तास पडून होतो. कोणीतरी माझ्यावरून घोडा नेला. उठायची खूण झाली तेव्हा उठता येईना. झगा माझ्याहून जड. दोघांनी ओढून बसवलं. खांद्याशी मी जिथे पिंजायचा आळस केला होता तिथेच झगा फाटून हातात आला. साल्किनचे टाके होते तेवढे सगळे शाबूत.

चारला पोतं उघडलं. जिपारचे सतरा फोन. पहिला अकरा चाळीसचा.

लावतोय, उचलत नाही. आमच्याकडे डोंगरात रेंज असते नसते.

सात वाजता, घर
घरी कोणी नाही. चूल गार. चहाचा पेला सांडलेला, गालिचा ओला. पेटीवरची पाच कापडं जागच्या जागी. तुर्सून एजे फाटकाशी आली. म्हणाली, साडेअकराच्या सुमारास साल्किन उभ्या उभ्या कोसळली, अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, श्वास लागेना. तालायने उचलून आधी इथल्या दवाखान्यात नेलं, तिथून बिश्केकला. जिपार बरोबर आहे. "गाठ फुटली," एजे म्हणाली. "तुला सगळ्यांनी फोन केले."

मी म्हटलं, मी मेलो होतो. म्हणजे तसं काम होतं.

तिने मला तिच्या नवऱ्याचा जुना कोट आणून दिला. निघतो.

२७ ऑक्टोबर, रविवार, बिश्केक
इस्पितळाचा तिसरा मजला. सकाळी नऊ चाळीसला तिला आत नेलं. त्याआधी मिनिटभर दिसली. तिच्या तोंडावर नळी होती. तिने मला ओळखलं. मी म्हटलं, उद्या सोमवार, म्हणजे आपण एक दिवस लवकरच आलो. हे मी का म्हटलं?

आत नेण्यापूर्वी सर्जन बाहेर आले. वयस्कर, थकलेले, हातात फॉर्म. जिपारला विचारलं, त्रास नेमका कधीपासून, काय काय, क्रमाने सांगा. जिपार म्हणाली, मी इथे होते, मला कोणी सांगितलंच नाही. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, दोन-तीन आठवडे. सर्जन म्हणाले, अंदाज नको. तेव्हा मला आठवलं, आणि खरं लिहितो, मला अभिमान वाटला. मी म्हटलं, माझ्याकडे तारीखवार नोंदी आहेत. सर्जन म्हणाले, "असा नातेवाईक वर्षाकाठी एखादा मिळतो. वाचा."

मी वही काढली आणि वाचायला लागलो. एक सप्टेंबर, उजव्या बरगडीखाली दुखतं. आठ सप्टेंबर, हंडा उचलवत नाही. तेरा, वाकवत नाही. एकोणीस, डॉक्टर म्हणाले या आठवड्यात न्या. तिथे मी थांबलो. सर्जन म्हणाले, पुढे. मी मधली वाक्यं गाळत होतो, आणि गाळायची वाक्यंच जास्त होती. सर्जननी वही माझ्या हातातून घेतली आणि स्वतः वाचायला लागले. जिपार त्यांच्या खांद्याशी उभी राहून वाचत होती. अठ्ठावीस सप्टेंबर. सहा ऑक्टोबर. बारा ऑक्टोबर, डोळे पिवळे. भोपळा. तिथे तिने तोंडावर हात ठेवला.

सर्जननी फॉर्मवर तारखा उतरवून घेतल्या. एकही सुटली नव्हती. वही मिटून मला परत दिली. रागाने नाही, नीट दोन्ही हातांनी. म्हणाले, "सप्टेंबरात हे दीड तासाचं काम होतं." मी विचारलं, आणि आज? ते आत गेले.

मी रोज सगळं पाहिलं होतं. पाहिलं नसतं तर लिहिलं कुठून असतं?

जिपार समोरच्या बाकावर आहे, माझ्या शेजारी नाही. तालाय जिन्यावर उभा आहे. मला भीती वाटतेय. हे मी पहिल्यांदा लिहितोय. साल्किनला मंगळवारपासून वाटत होती, कदाचित सप्टेंबरपासून, आणि ती एकटीच भीत होती.

साडेबारा. दार बंद.

दोन. एक नर्स बाहेर आली, रक्ताच्या दोन पिशव्या घेऊन पुन्हा आत गेली. कोणाकडे बघितलं नाही.

तीन वाजून दहा मिनिटं. दार बंद आहे.